एअर फ्रायर घ्यावा का? आधी तेलाचा कॅन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं. सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलंय. पण वडे, भजी, पुऱ्या सगळ्यांनाच आवडतात आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी कढई चढतेच. साडेचार लिटरचा एअर फ्रायर साडेसहा हजारांत मिळतोय, ऑफर रविवारी संपतेय. घ्यावा, की महिनाभरात माळ्यावर जाईल?

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. पुण्यात नऊ वर्षं मी मायक्रोवेव्ह, ओटीजी (टोस्ट, ग्रिल, बेकिंगची विजेची छोटी भट्टी) आणि पुढे एअर फ्रायरचे डेमो करायची. शनिवार-रविवारी दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांसमोर पदार्थ करायचे, आणि वस्तू विकली गेली की आठवड्याभरात त्यांच्या घरी जाऊन कशी वापरायची ते दाखवायचं. त्यामुळे विकताना काय बोललं जातं ते मला माहीत आहे, आणि सहा महिन्यांनी तीच वस्तू फ्रिजवर टॉवेल पांघरून कशी बसते तेही मी पाहिलंय. आता ते काम सोडलं, घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते. कुणाचं कमिशन नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

वडे, भजी आणि पुऱ्यांसाठी घेत असाल तर घेऊ नका. दुसऱ्या कारणांसाठी मात्र ही वस्तू चांगली आहे. ती कारणं तुमच्या घरात आहेत का, हे मला इथून दिसणार नाही. कसं तपासायचं ते सांगते.

सगळा घोळ नावात आहे. 'फ्रायर' म्हटलं की आपल्याला कढई आठवते. उघडून बघाल तर वर एक तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंख्याने गरम हवा टोपलीत घुमते आणि पदार्थ वरखाली शेकला जातो. म्हणजे ती एक छोटी, घाईची भट्टी आहे. नेदरलँड्समधल्या फ्रेड व्हॅन डर वेई नावाच्या गृहस्थाची ही कल्पना; २०१० साली बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात फिलिप्सने ती 'एअरफ्रायर' या नावाने बाजारात आणली. तिकडे बटाट्याच्या फ्राइज म्हणजे आपल्याकडच्या पोह्यांसारख्या, घरोघरी. त्या फ्राइज डोळ्यासमोर ठेवून केलेलं यंत्र आपण बेसनाच्या पिठाला लावायला जातो आणि मग यंत्राला नावं ठेवतो.

दुकानातली एक गोष्ट सांगून टाकते. डेमोला मी कधीही ताजा बटाटा चिरला नाही. कायम फ्रोझन फ्राइजचं पाकीट. पाकीट फोडायचं, १८० किंवा २०० अंशांवर पंधरा मिनिटं लावायचं, 'बघा, थेंबभर तेल घातलं नाही' म्हणायचं. गिऱ्हाईक खूश. पण त्या फ्राइज कारखान्यातच एकदा तेलातून काढलेल्या असतात. पाकिटामागे घटकांची यादी वाचा, तेल लिहिलेलं असतं. मी खोटं बोलत नव्हते, मी तेल घातलंच नव्हतं. ते आधीच कुणीतरी घातलेलं होतं. गोठवलेले नगेट्स, टिक्की, समोसे यांचंही बहुतेक तसंच. यंत्र चांगलं चाललं असं आपल्याला वाटतं, अर्धं काम पाकिटाने केलेलं असतं.

आता वडे का होत नाहीत ते. कढईतलं तेल साधारण १७५-१८० अंशांना असतं आणि ते वड्याला चहूबाजूंनी एकदम भिडतं. पातळ बेसन तेलात पडल्या पडल्या आवळतं, त्याचं कवच होतं, आतली वाफ त्या कवचात बुडबुडे करते, म्हणून ते हलकं लागतं. हवेत ती ताकदच नाही. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालून ट्रे ओढतो, काही होत नाही. १८० अंशांच्या तेलाचा एक थेंब उडाला तर फोड येतो. तापमान जवळजवळ तेच, पण तेल उष्णता पटकन देतं, हवा सावकाश देते. तेवढ्या वेळात पातळ पीठ जाळीतून खाली गळून गेलेलं असतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. कर्वेनगरला एका घरी डेमोला गेले होते. काकूंनी यंत्र घेतलं तेच मुळी दुकानातल्या माणसाने 'वडेसुद्धा होतात' म्हटलं म्हणून. मी पोचले तर सारणाचे गोळे करून ठेवलेले, बेसन भिजवलेलं, म्हणाल्या, 'हं, दाखव आता.' मला माहीत होतं काय होणार. तरी पीठ जरा घट्ट करून सहा वडे लावले. बारा मिनिटांनी टोपली ओढली तर वर भेगाळलेलं, पांढरट बेसन, आणि खाली जाळीत गळून वाळलेल्या पिठाचे लोंबते खिळे. चव? उकडलेल्या बटाट्याभोवती पिठल्याची खरवड. सून तोंडावर पदर धरून हसत होती. काकू काही बोलल्या नाहीत, गॅस पेटवला, कढई ठेवली आणि उरलेले सहा वडे तळून मलाच खायला घातले. त्या दिवसानंतर मी घरी जायच्या आधी फोन करून विचारायला लागले, काय करून बघायचंय.

तेव्हा पातळ पिठात बुडवून किंवा ओलं पीठच तेलात सोडून तळायचं काहीही यात होत नाही: कांदाभजी, बटाटाभजी, मिरचीभजी, वडा, मेदुवडा. पुरी टाकली तर कधी फुगतेसुद्धा, पण बाहेर काढून दोन मिनिटांत खाकऱ्यासारखी कडक होते. चकली आणि शेव यांच्या वाटेला तर जाऊच नका. चकलीला तेलात जी नळी सुटते आणि खुसखुशीतपणा येतो तो इथे येत नाही, ती नुसती वाळते. दिवाळीत चाळणीभर चकल्या फुकट घालवून मग मला शिव्या घालू नका. करंजी आणि शंकरपाळे मोहन सढळ असेल तर भाजून बरे होतात, पण मग ते नानकटाईच्या गल्लीत गेलेले असतात. साबुदाणा वडा मधला. वरून नीट तेल लावलं तर होतो, बाहेर कुरकुरीत, आत थोडा चिवट. तेलात फुटून अंगावर उडायची भीती नाही एवढा फायदा. पण उपासाला चार वडे हवे असतील तर आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल घालून केलेले मला जास्त आवडतात, आणि आप्पेपात्र पाच-सहाशे रुपयांत येतं.

आता जे होतं त्याकडे. यातली मेख एवढीच की पदार्थ आधीच घट्ट, आकार धरलेला असावा आणि त्याला वरून तेलाचा पातळ हात लागलेला असावा. आपल्याकडे असे पदार्थ कमी नाहीत, कारण उकडून मग तळायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

कोथिंबीर वडी घ्या. उंडे उकडून पूर्ण गार झाले पाहिजेत. मी तर रात्री उकडते आणि सकाळी कापते. गरम उंडा कापलात तर कडा चुरगळतात आणि त्या कडाच नंतर जळतात. वड्या बोटभर जाडीच्या. पातळ कापल्या की वाळून खडखडीत होतात, ही सगळ्यांची पहिली चूक. ताटात वड्या पसरून दोन लहान चमचे तेल वाटीत घ्यायचं आणि ब्रशने, नाहीतर बोटानेच, दोन्ही बाजूंना लावायचं. दहा-बारा वड्यांना तेवढं पुरतं. यंत्र तीन-चार मिनिटं रिकामं तापवायचं, मग वड्या एकमेकींना न टेकवता मांडायच्या. १८० अंशांवर सहा-सात मिनिटं, उलटून आणखी चार मिनिटं. वर लावलेले तीळ सोनेरी झाले की काढायच्या. तिळाचा रंग पुढे गेला की कडवटपणा येतो. ताटात टाकल्यावर टकटक वाजली तर झाली. तळलेल्या वडीशी शेजारी ठेवून तुलना केलीत तर फरक कळेल, तळलेलीच वरचढ. पण तव्यावर परतलेल्या वडीच्या ही तोडीस तोड आहे, आणि तव्यापाशी उभं राहावं लागत नाही. अळूवडीचंही असंच, फक्त तिचे पापुद्रे सुटू नयेत म्हणून उंडे घट्ट वळा.

मासे. तांदळाची पिठी आणि रवा लावलेला बांगडा किंवा सुरमईची तुकडी यात छान होते, पण कोरडा रवा कोरडाच राहतो. तेल न लावता ठेवलेला मासा खडू फासल्यासारखा पांढरा दिसतो आणि रवा दातांत कचकचतो. रवा लावल्यावर वरून चमचाभर तेल थापा, २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, तुकडी जाड असेल तर दोन मिनिटं जास्त. घरभर वास आणि ओट्यावर तेलाचे शिंतोडे, दोन्ही कमी. ओला बोंबील मात्र घालू नका, जाळीला चिकटतो आणि उचलताना मोडतो. त्याचा मान तव्याचाच. कोंबडीच्या तंगड्या मसाला-दह्यात मुरवून ठेवल्या तर २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत तंदूरीच्या जवळपास जातात, आणि कातडी असेल तर तिचीच चरबी सुटते, तेल लागत नाही. माझ्या मते या यंत्राचं सगळ्यात चांगलं काम हेच. तुमच्या घरात सामिष होतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. आठवड्यातून दोनदा मासे-चिकन करणाऱ्या घरात मी एअर फ्रायर माळ्यावर गेलेला फार पाहिला नाही.

बाकी सुरणाचे, वांग्याचे, बटाट्याचे काप, कुरकुरीत भेंडी, पनीर, कटलेट. कुटासाठी शेंगदाणे १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. एकसारखे भाजले जातात, फक्त सालं पंख्याने उडून वर कॉइलपाशी जातात, ती साफ करावी लागतात. पापडाचंही तेच. पापड हलका, वाऱ्याने उडतो आणि थेट कॉइलला चिकटतो. माझा पहिला उडदाचा पापड असाच जळला, घरभर धूर, आणि शेजारच्या आजी 'काय गं, होम घातलास का' म्हणत आल्या. वर छोटी जाळी दाबून ठेवली की होतो. पण पापड गॅसवर अर्ध्या मिनिटात भाजतो, त्यासाठी कशाला हा उपद्व्याप? पातळ पोह्यांचा चिवडा याच कारणाने नको. भरताचं वांगं भाजलं जातं, पण धुराचा वास नाही, म्हणजे जे हवं तेच नाही.

एक काम असं आहे की त्यासाठी कुणी घेत नाही, पण घेतल्यावर सगळे तेच करतात: शिळं गरम करणं. कालचा समोसा, पॅटिस, मऊ पडलेली खारी, पिझ्झाचा तुकडा. मायक्रोवेव्हमध्ये हे ओलसर रबर होतं, इथे १६० अंशांवर तीन-चार मिनिटांत पुन्हा कुरकुरीत. घरोघरी जाऊन मी विचारायची, 'सगळ्यात जास्त कशाला वापरता?' उत्तर ऐकून हसू यायचं.

आता तुमच्या प्रश्नाचा जो गाभा मला वाटतो, तिकडे येते. तुम्हाला यंत्र नकोय, सासऱ्यांच्या पोटात जाणारं तेल कमी करायचंय. मग ते तेल जातं कुठून?

मी एकदा काट्यावर मोजलं होतं. तळायच्या आधी तेलासकट कढई तोलली, बारा मध्यम वडे तळले, गार झाल्यावर पुन्हा तोलली. सत्तर ग्रॅमच्या आसपास तेल कमी झालं, म्हणजे वड्याला साधारण सहा ग्रॅम, सव्वा लहान चमचा. चार माणसांनी तीन-तीन वडे खाल्ले तर माणशी अठरा ग्रॅम. पंधरा दिवसांतून एकदा. भज्यांचं जास्त भरतं, कारण पीठ जास्त आणि आत भरीव काही नाही, पण तरी.

आता ओट्याखालचा कॅन बघा. तुमच्या घरात महिन्याला पाच लिटरचा एक कॅन संपत असेल असं धरू. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. चार माणसं, तीस दिवस. माणशी रोज अडतीस ग्रॅम. पंधरवड्याच्या त्या अठरा ग्रॅमांचा रोजचा वाटा सव्वा ग्रॅम. उरलेले सदतीस कुठे गेले? आमटीची फोडणी, भाजीची फोडणी, पोह्याची फोडणी, पोळीच्या घडीत, वरून पोळीला, थालीपिठाच्या भोकात, लोणच्यात. एअर फ्रायर यातल्या एकाही ठिकाणी हात लावत नाही. म्हणून मी म्हटलं, आधी कॅन बघा. कॅनवर स्केचपेनने तारीख घाला आणि फोडणीच्या पळीऐवजी मापाचा चमचा ठेवा. पळीने घालताना आपण दोन चमचे म्हणतो आणि चार पडतात, वर्गात मी हे प्रत्येक नव्या तुकडीला मोजून दाखवते. एका महिन्यात पाचाचे चार लिटर झाले तर ते एअर फ्रायरने होणार होतं त्याच्या कितीतरी पट झालं, आणि साडेसहा हजार खिशात.

आणि बाहेरचं विसरू नका. सासरे संध्याकाळी फिरायला जाऊन कोपऱ्यावर काय खातात ते एकदा प्रेमाने विचारा. चहाबरोबर खारी, टोस्ट, नानकटाई असेल तर ते तळलेलं नाही म्हणून घरात चालतं असं होतं. खारीचे पापुद्रे सुटतात ते चरबीनेच. भट्टीत भाजलेलं म्हणजे बिनतेलाचं, हा समज एअर फ्रायरच्या जाहिरातींनी आणखी पक्का केलाय. औषध, पथ्य, किती चालेल, ते डॉक्टरच सांगतील; मी फक्त स्वयंपाकघरातली बाजू सांगतेय.

एअर फ्रायरच्या बाजूने इथे एक मुद्दा खरा आहे. वडे तळून कढईत अर्धा लिटर तेल उरतं, ते आपण गाळून बरणीत ठेवतो आणि पुन्हा तळणाला किंवा फोडणीला वापरतो. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल बिघडत जातं. त्यातले पोलर घटक, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल वापरू नये असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ पासून आहे. घरी हे मोजायचं साधन कुणाकडे नसतं. तेल काळपट, घट्ट, फेसाळ व्हायला लागलं की टाकायचं, एवढंच. पण याला दुसराही उपाय आहे: लहान, खोलगट कढई. सात-आठ इंची लोखंडी कढईत पाव लिटर तेलात चार-चार वडे आरामात तळून होतात, उरतं ते थोडंसं, आणि दोन दिवसांच्या भाजीत ते संपतं.

ज्यांना मी घ्या म्हणते ती माणसं वेगळी असतात. कोथरूडला एक आजी-आजोबा होते, दोघंच, मुलं परदेशी. आजींचा हात थरथरायचा, गरम तेलाची कढई उचलायची त्यांना भीती वाटायची. त्यांनी दोन लिटरचं लहान यंत्र घेतलं आणि रोज काही ना काही लावायच्या, कधी चार काप, कधी दोन टोस्ट. त्यांच्यासाठी मुद्दा तेलाचा नव्हता, उभं राहण्याचा आणि आगीचा होता. तसंच माझी भाची डब्लिनला एका खोलीच्या घरात राहते. तिथे फोडणी घातली तरी धुराचा भोंगा वाजतो, तळणाचं तर नावच नको. तिला वरदान. एकटं राहणारे, शाळेतून भुकेली येणारी मुलं ज्यांना आपण गॅस पेटवू देत नाही, नियमित मासे-चिकन खाणारे, यांना मी बिनदिक्कत घ्या म्हणते.

घ्यायचं ठरलंच तर लिटरच्या आकड्याने फसू नका. साडेचार लिटर म्हणजे टोपली गळ्यापर्यंत भरली तर. पण यात पदार्थ एका थरातच मांडावा लागतो, ढीग केला की वरचे जळतात, मधले मऊ. म्हणून टोपलीचा तळ मोजा, खोली नको. दुकानात जाताना पट्टी न्या, खरंच. तळ आठ इंच बाय आठ इंच असेल तर दहा-बारा कोथिंबीर वड्या बसतात. चार माणसांना जेवणात माणशी पाच म्हटल्या तर दोन घाणे, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. दुसरा घाणा होईपर्यंत पहिला मऊ पडतो आणि कुणीतरी कायम ओट्यापाशी उभं राहतं. ते कुणी म्हणजे कोण, ते आपल्या सगळ्याजणींना माहीत आहे. चौकोनी टोपली गोल टोपलीपेक्षा जास्त माल घेते. आणि दोन डायलचं साधं यंत्र पुरतं. आठ बटणांपैकी फ्राइजचं बटण सोडलं तर कुणी दुसरं दाबत नाही.

वीज. या आकाराची यंत्रं साधारण १४०० ते १७०० वॉटची असतात. १५०० वॉट धरलं तर वीस मिनिटांना अर्धं युनिट; युनिटला दहा रुपये धरले तरी पाच रुपये. बिलाची काळजी नको, सॉकेटची करा. मोबाइल चार्जरच्या बारीक पिनांच्या प्लगात हे लावायचं नाही, जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट हवा. जुन्या फ्लॅटमध्ये ओट्याजवळ असा एकच असतो आणि तो मिक्सरने नाहीतर वॉटर प्युरिफायरने धरलेला असतो. एक्स्टेन्शन बोर्ड जळलेला मी दोन घरांत पाहिलाय. मागून गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून चार बोटं नव्हे, चांगलं वीतभर अंतर ठेवा. थोडक्यात, ओट्यावर कायमची जागा आणि तिथे पॉवर पॉइंट, हे दोन्ही नसेल तर विषय संपला. जे यंत्र दर वेळी उचलून खाली काढावं लागतं ते माळ्यावर जाणारच. माझ्या पाहण्यात माळ्यावर गेलेल्यांचं पहिलं कारण चव नाही, जागा.

घरात मायक्रोवेव्ह आहे का? असेल तर त्यावर 'कन्व्हेक्शन' लिहिलंय का बघा. पुण्यातल्या निम्म्या घरांत तो दूध गरम करायलाच वापरतात, मी अतिशयोक्ती करत नाही, फार तर थोडी. त्यातही कॉइल आणि पंखा असतो. जरा सावकाश होतं, टोपलीऐवजी उंच जाळी ठेवावी लागते, कुरकुरीतपणा एक पायरी कमी. पण फुकट आहे. त्याच्या कन्व्हेक्शनवर २०० अंशांना एकदा काप लावून बघा. पंख्याचा ओटीजी असेल तर एअर फ्रायर घेऊच नका; त्यात ट्रे मोठा, चौघांचं एकदम होतं.

धुण्याचंही सांगायला हवं, डेमोत ते कुणी दाखवत नाही. मासे-चिकन केलं की टोपलीखालच्या भांड्यात चरबी साठते, ती त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणाने धुवायची. तशीच ठेवली तर पुढच्या वेळी धूर येतो आणि वास येतो. आतून नॉनस्टिकचा थर असतो, त्याला तारेची घासणी लावली की गेला. डब्यातल्या तेलाच्या फवाऱ्यांनीही तो थर खराब होतो, म्हणून ब्रश बरा. कामाला येणाऱ्या ताईंना हे आधीच सांगून ठेवा. आणि बटाट्याचे काप गडद तपकिरी होऊ देऊ नका. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर जास्त भाजला की ॲक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, तेलात असो की हवेत. काप अर्धा तास पाण्यात ठेवून पुसून घेतले तर ते कमी होतं आणि कापही जास्त कुरकुरीत होतात.

रविवारच्या ऑफरचं म्हणाल तर ती जाऊ द्या. गणपती, दसरा, दिवाळी, प्रत्येक वेळी ती परत येते, बहुतेकदा याच भावात. तोवर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस खुणा करा. ज्या दिवशी काप, वड्या, मासे, चिकन, कटलेट, शिळा समोसा असं काही केलंत किंवा करावंसं वाटलं त्या दिवशी बरोबरची खूण. ज्या दिवशी भजी, वडा, पुरी, त्या दिवशी फुली. पंधरा दिवसांत बरोबरच्या खुणा सहा-सातच्या वर गेल्या, ओट्यावर जागा आणि जाड पिनांचा पॉइंट आहे, आणि घरात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह नाही, तर बेलाशक घ्या. नाहीतर सासऱ्यांसाठी महिन्यातून एकदा लहान कढईत वडे तळा, डॉक्टरांना विचारून एखादा त्यांच्या ताटात वाढा आणि बाकीच्यांनी खा. रोजच्या फोडणीला मापाचा चमचा मात्र आजपासून.

शेजारी कुणाकडे एअर फ्रायर असेल, आणि असतोच, तर एक रविवार मागून आणा. द्यायला कुणी नाही म्हणत नाही, पडूनच असतो. विकत घेतलात तर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं रिकामा चालवा, खिडकी उघडी ठेवून. नव्या यंत्राला जळक्या प्लॅस्टिकसारखा वास येतो, तो पहिल्या वड्यांना लागायला नको.